उलटा कोपरा

आमच्या सरकारांना सप्रेम नमस्कार.

तब्येत ठणठणीत, जेवण वेळेवर. डोकं मात्र फिरलंय. तुझी कंबर कशी आहे? जड काही उचलू नकोस.

इथे छताखालून बसडक्ट न्यायचंय, म्हणजे पत्र्याचं बंद खोकं आणि त्यात तांब्याच्या जाड पट्ट्या. अख्ख्या इमारतीची वीज त्यातून जाणार. ते काही वायरीसारखं वाकत नाही. वळणावरचा कोपरा कारखान्यातूनच मापानं बनून येतो. दीड महिना वाट बघितली आणि आला तो उजवीकडे वळणारा! उजवीकडे तर भिंत आहे. उलटा करून बसवावा, तर आतल्या पट्ट्यांचा क्रम बिघडतो.

मी फोनवर कारखान्याची खरडपट्टी काढली. "अक्कल गहाण ठेवलीत का?" इथपर्यंत गेलो. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "चित्र तुमचंच आहे. खाली सही बघा."

बघितली. परांचीवर उताणा पडून, छताकडे बघत मी ते काढलं होतं. असं काढलं की कागदावर डाव्याचं उजवं होतं, हे वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवणारा मीच! साहेबांना अजून सांगितलेलं नाही.

नवा कोपरा यायला महिना लागेल, म्हणजे आपल्या छकुलीच्या सहाव्या वाढदिवसाला मी नसेन. ती ६ काढायला जाते आणि ३ काढून बसते, असं तू लिहिलं होतंस. "कान पिळ तिचा," असं मीच कळवलं होतं.

नको पिळूस. पोर बापावर गेलीय.

तुझाच,
उलट्या खोपडीचा नवरा