चाळीस पाली, त्यात एक गाभण

मदन महल, जबलपूर
माघ महिना (तारीख शर्मिला टाकेल)

श्रीमती नर्मदाबाई यांना, गढ्याच्या अंगणातली जुनी शेजारीण इंदिरा हिचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (तू सहा महिन्यांनी मोठी, म्हणून जोडले. वयाचा हा मान तू सोडत नाहीस आणि मला तो घ्यायचा नाही, तेव्हा चाललं आहे ते बरं आहे.) तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असं कळलं. आता अमरावतीला सून कशी दिसते ते नीट बघून घे आणि मग बोलू नकोस. माझं म्हणशील तर गुडघे गेले, दात गेले, जीभ तेवढी शाबूत आहे, आणि या पत्राला कारण तीच. पत्र शर्मिला लिहून राहिली आहे. आमच्या खालच्या मजल्यावर राहते, शाळेत गणित शिकवते, म्हणून अक्षर चौकोनी येईल. मी बोलेन तसंच लिही, असं तिला बजावलं आहे. फोन काहून नाही केला म्हणशील, तर फोनवर तू हसतेस, मग मी हसते, आणि बोलायचं ते राहून जातं. कागद हसत नाही.

यशश्री, आमच्या आनंदाची मुलगी, काय काम करते ते तुला मी अकरा वेळा सांगितलं आणि तू अकरा वेळा ‘अच्छा, टायपिंग’ म्हणालीस. टायपिंग नाही. ती स्वतंत्र लेखिका आहे. (स्वतंत्र म्हणजे ज्याला पगार नाही, साहेब नाही आणि रविवार नाही.) विज्ञानावर लिहिते, आणि विज्ञान मिळालं नाही की मिळेल त्याच्यावर लिहिते. सोमवारी वटवाघळं, मंगळवारी किडनी, बुधवारी झोपायच्या गाद्या कशा निवडाव्या, गुरुवारी चंद्रावर पाणी आहे की नाही. शुक्रवारी मी विचारलं, आहे का गं चंद्रावर पाणी? तर म्हणाली, आहे आजी, पण बर्फ आहे. मी म्हटलं, म्हणजे नळ आपल्यासारखाच. मोठमोठ्या वैज्ञानिकांशी ती व्हिडिओवर बोलते. वरून चांगला कुर्ता, खाली रात्रीचा पायजमा, आणि मागे माझा कुकर. पुण्याच्या एका साहेबाने शिट्टी ऐकून विचारलं, तुमच्याकडे प्रयोगशाळा आहे का? ही म्हणाली, हो, तुरीची. शेजारपाजारचे म्हणतात, मुलगी घरीच तर असते. म्हणून सगळ्या गल्लीचे सिलिंडर आणि पार्सलं तीच उतरवून घेते. एकदा गुडघ्यांवर लेख छापून आला तर सकाळी सहा वाजता दारात तीन म्हाताऱ्या एक्स-रे घेऊन उभ्या. तिने तिघींना चहा पाजला आणि डॉक्टरचा पत्ता दिला. मुलाकडचे बघायला आले तेव्हा मुलाच्या वडलांनी विचारलं, “लिखती हो, वो तो ठीक है, पर करती क्या हो?” मी म्हटलं, हेच आम्हीही शोधून राहिलो, सापडलं की कळवतो. कळवायची वेळ आली नाही, त्यांनीच नाही कळवलं.

पण बाई, पोरगी विचारायची किती! लेख लिहिणारं माणूस म्हणजे प्रश्नांचं पोतं. आजी, तुझा गुडघा टोचतो की ठणकतो? आजी, लहानपणी आभाळात तारे जास्त होते का? आजी, तुला स्वप्नात माणसं बोललेली ऐकू येतात की नुसती कळतात? चौऱ्याऐंशी वर्षांत मला कोणी असलं विचारलं नव्हतं. माझं बोलणं कोणी लिहून घेतलं नव्हतं. (जन्माचा दाखलासुद्धा नाही.) तेव्हा मी काय करायची? थोडं खरं सांगायची, थोडं वर फोडणीला घालायची. तिला कळायचं, ती फोडणी बाजूला काढायची आणि खरं तेवढं घ्यायची. असं आमचं छान चाललं होतं.

गेल्या पावसाळ्यात तिला दिल्लीच्या एका मोठ्या हिंदी मासिकाने भूकंपावर लेख मागितला. भूकंपाआधी प्राण्यांना खरंच काही कळतं का, यावर. आणि जबलपूरच्या सत्त्याण्णवच्या भूकंपाची माणसं शोधायला ती महिनाभर आपल्या जुन्या गढा मोहल्ल्यात फिरली. सगळे म्हणाले, झोपलो होतो, हललं, पळालो. कुत्रं भुंकलं का? आठवत नाही. लेख उपाशी राहिला. मग संध्याकाळी ती माझ्यापाशी बसली, फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, आजी, तुला त्या रात्री काही दिसलं होतं का? आजोबा गेले त्या घरात तूच होतीस. तिने असं कधी विचारलं नव्हतं. त्या पहाटेचं मला कोणीच विचारत नाही, सगळे माझ्याकडे बघून चहा ठेवतात. मी तोंड उघडलं आणि पाली बाहेर आल्या. म्हटलं, आदल्या संध्याकाळी घरातल्या पाली भिंतीवरून उतरल्या आणि एकीमागे एक रांगेने उंबरठ्याबाहेर गेल्या. मी तुझ्या आजोबांना म्हटलं, अहो, हे लक्षण ठीक नाही, आज आत झोपू नका. ते हसले आणि पंख्याखाली जाऊन झोपले.

ही फोडणी तिने बाजूला नाही काढली, नर्मदे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पाणी आलेल्या डोळ्यांना फोडणी कुठून दिसणार?

मासिकात पडताळणीवाला असतो. लेखात लिहिलेलं खरं की खोटं ते फोन करून विचारायचं, एवढंच त्याचं काम. (अशी नोकरी लग्नं ठरवताना एखाद्याला द्यायला पाहिजे होती.) मला म्हणाला, माताजी, छिपकलियाँ कितनी थीं? मी म्हटलं, बेटा, छिपकलियाँ थीं, बारात नहीं कि गिनती करते. तो म्हणाला, आणखी कोणी पाहिलं? आता मी तिथेच थांबायला पाहिजे होतं. पण मी तुझा नंबर दिला, कारण साठ वर्षांत तू माझ्या एकाही खोट्याला उघडं पाडलं नाहीस. आणि तू काय केलंस? नुसतं ‘हो’ म्हणायचं, तर म्हणालीस, हो, मीही पाहिल्या, चाळीस होत्या आणि सगळ्यात शेवटची गाभण होती. अगं, गाभण कशाला? आणि वरून म्हणालीस, इंदिरेने नवऱ्याला, बाबारावांना, हात जोडून सांगितलं होतं, मी ऐकलं. सगळं छापून आलं. तुझ्या गाभणीसकट.

मग त्या पाली जबलपूरभर फिरल्या. मोबाइलवर बातम्या दाखवणारे गढ्यात येऊन भिंतींचे फोटो काढून गेले. पुसाच्या थंडीत तर एका घरी भिंतींची पुताई चालली होती, चुन्याच्या वासाने पाली पळाल्या, आणि अख्खं घर गाद्या घेऊन रस्त्यावर झोपलं. त्यांचे म्हातारे बाबा थंडीने चार दिवस दवाखान्यात होते. (बरे आहेत. मी शर्मिलाला पाठवून दोनदा विचारलं.) त्यावर कोण्या पालींच्या विद्वानाने मासिकाला लिहिलं, की या पाली रांग लावत नाहीत, आणि संध्याकाळच्या अंधारात गाभण ओळखणाऱ्या बाईंना मला भेटायचं आहे. इथवरही निभलं असतं. पण आपल्याच शहरातल्या एका रिटायर गृहस्थाने जुनं कात्रण पाठवलं. भूकंपाच्या तिसऱ्या दिवसाचं. त्यात ढिगाऱ्याजवळ बसलेल्या माझा फोटो, आणि खाली लिहिलेलं, की इंदिराबाई म्हणाल्या, कुछ पता नहीं चला, कोई इशारा नहीं मिला. नर्मदे, तेच कात्रण माझ्या पेटीत आहे. लुगड्याच्या घडीत. अठ्ठावीस वर्षं मी ते जपलं, त्यात यांचं नाव असेल म्हणून. त्यात माझंच खरं बोलणं छापलेलं आहे, हे मला कोण सांगणार होतं? मला अक्षर येत नाही, आणि मी ते कोणाला वाचायला दिलंच नाही.

मासिकाने लेख काढून टाकला, माफी छापली. त्यांना वाटलं, यशश्रीने आजीच्या तोंडी मनचं घातलं आणि तुलाही पढवून ठेवलं. तिच्या फोनमध्ये माझा आवाज आहे, तो एकदा ऐकवला असता तर सुटली असती. शर्मिलाने तिला म्हटलंही, दीदी, रेकॉर्डिंग दे ना पाठवून. तर म्हणाली, आजी को झूठी साबित करूँ? आणि साहेबांना लिहून दिलं, चूक माझी, मी तपासलं नाही. (हे शर्मिलाने मला परवा सांगितलं. आत्ता ती रडून राहिली आहे, म्हणून ही ओळ वाकडी आली.) हे लेखाचं जग लहान असतं म्हणतात. एकाने दार लावलं तर बाकीच्यांना आवाज जातो. चंद्रवाल्यांनी उत्तर नाही दिलं, किडनीवाल्यांनी नाही दिलं. आता सोमवारपासून ती कमानिया गेटपाशी एका साडीच्या दुकानात जाणार आहे. तिथे मोबाइलवर ‘नया माल आ गया, दीदी लोग जल्दी आइए’ असं लिहायचं आहे. तेही ती चांगलंच लिहील. गादीचंसुद्धा तिने असं लिहिलं होतं की ऐकताना मला जांभई आली.

मला ती एक शब्द बोलली नाही. रागावली असती तर मी उलटून बोलले असते, मला ते जमतं. पण ती आता मला काही विचारत नाही. टोचतं की ठणकतं, काही नाही. फक्त, आजी, चहा घेशील? मी हो म्हणते. दिवसातून पाच वेळा चहा होऊन राहिला. बाकी सगळं क्षेम आहे. सुनेला आशीर्वाद, नातवंडांना पापे, तुझ्या नव्या डोळ्याला नमस्कार.

तुझी,
इंदिरा (निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

ता. क. – वरच्या पत्रात सगळा दोष मी तुझ्या गाभणीवर टाकला आहे, तो तू घेऊ नकोस. खरं काम असं आहे. उद्या शर्मिलाच्या फोनवरून मी त्या पडताळणीवाल्याला सांगणार आहे की पाली नव्हत्या, एकही नव्हती, पोरीने माझं ऐकून लिहिलं आणि तिच्याकडे माझा आवाज आहे. तो मग तुला फोन करील. तेव्हा माझी बाजू घेऊ नकोस. माझी बाजू खोटी आहे.

आणखी एक ता. क. – आता अक्षर बदललेलं दिसेल तुला. शर्मिला कुकर लावायला खाली गेली आणि यशश्री आली. तिला म्हटलं, वरचं वाचू नकोस, पुढचं लिही. तिने वाचलं. गाभणीपाशी हसली, खूप दिवसांनी. कात्रणापाशी नाही हसली. आता मी सांगते ते ती लिहून राहिली आहे आणि तिला मध्ये काही विचारायचं नाही.

हे पंख्याखाली झोपले नव्हते. बाहेरच होते, अंगणात, माझ्या खाटेच्या उजव्या बाजूला. तुझी खाट डावीकडे. मे महिना, अंगणातली सगळी घरं बाहेरच झोपायची. पहाटे मला तहान लागली. माठ आत होता. मला उठता आलं असतं, तेव्हा गुडघे चांगले होते. पण झोप मोडायचा कंटाळा आला. मी म्हटलं, अहो, पाणी आणता का? ते ‘आणतो’ म्हणाले. चपलासुद्धा नाही घातल्या. (पोरीचा हात थांबला आहे. लिही गं. तू माणसाच्या किडनीवर लिहिलं आहेस, हे का नाही लिहिता येणार?) मग हललं.

पालीबिली काही नाही. मी त्यांना थांबवलं नाही, मी पाठवलं. अठ्ठावीस वर्षं मी मनात त्यांना हात जोडून सांगत होते, आत जाऊ नका. ते पोरीने विचारलं म्हणून बाहेर पडलं, आणि तिच्याच डोक्यावर पडलं.

नर्मदे, तुला एक विचारायचं राहून गेलं. पालींचं तू माझ्यासाठी बोललीस. पण हात जोडल्याचं मी तुला सांगितलं नव्हतं, ते तू, माझं काय झाकायचं ते ठाऊक असल्यासारखं, आपल्या मनाने घातलंस. तेव्हापासून मला वाटतं, की त्या पहाटे तू जागी होतीस. मी पाणी मागितलं ते तुला ऐकू आलं होतं, आणि इतकी वर्षं तू ते झाकून ठेवलंस. ऐकलं असशील तर त्या पडताळणीवाल्या पोराला तसंच सांग, मला वाईट वाटणार नाही. आणि झोपली होतीस तर झोपली होते म्हणून सांग. माझ्यासाठी जागी होऊ नकोस.