एक सूर खाली

४ फेब्रुवारी, मंगळवार

घेऊन गेला लंबू. गिटार!

बॅगेची चेन अडकली तर मीच सोडवून दिली. मूर्खासारखी. म्हणाला, "माझीच आहे ना गं, नवीन ग्रुपला लागणार." हो, तुझीच. कॉलेजभर माझ्या हातात होती, पण विकत तू घेतलेलीस. मी वाजवायचे, लंबू गायचा — अशी आमची वाटणी. बाकीचं सगळं तर त्याने रविवारीच संपवलं होतं, फोनवर, मागे कुठेतरी कुकर शिट्ट्या मारत असताना.

गिटार टेकायची तिथे भिंतीवर काळा डाग पडलाय. त्याच्याकडे बघून रडले. डागाकडे बघून!

२२ तारखेचा कॅफेतला कार्यक्रम अजून आमच्या दोघांच्या नावावर आहे. तो जिना उतरत होता तेव्हा विचारलं, "तेवढा तरी करूया? शेवटचा?" म्हणाला, "बघू."

"बघू" म्हणजे "नाही" नाही. "बघू" म्हणजे बघू.

गिटार पाहिजे. माझी स्वतःची. इलेक्ट्रिक, आणि चष्म्याच्या दुकानातल्या पगारात बसणारी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गिटारवाल्या काकांकडे गेले. पहिला प्रश्न — "शिकायला सुरुवात का?" अपमान!

एक लाल आहे. लिटरली श्वास अडकला. मांडीवर घेतली, खुंट्या पिळून ट्यून केली, वाजवली — आणि खडखड. तारा मानेवरच्या फ्रेटच्या पट्ट्यांवर आपटतायत. मग काळी घेतली. खडखड. मग ती लाकडी रंगाची, मान जरा जाड असलेली. तीच कथा. काका म्हणाले, "या बजेटमध्ये एवढे नखरे?" मी म्हटलं, नखरे नाहीत, आवाज येतोय. ते म्हणाले, "माझ्याकडे असताना नाही येत." म्हणजे मी खोटी!

घरी येऊन सांगितलं तर आई म्हणते, "एवढी पारख करून तर मी तुझ्या बाबांनाही नव्हतं निवडलं." बाबा पेपरमागून, "ते दिसतंच आहे."

हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

८ फेब्रुवारी, शनिवार

सेकंडहँड बघायला गेले. एका बँकवाल्याची. बाळ झालंय, आता वेळ मिळत नाही म्हणून विकतोय. गिटार अगदी जपलेली, कुठे ओरखडा नाही. "हळू वाजवा हं, झोपलाय." मी ट्यून केली, हळू वाजवली. खडखड! त्याचं तोंड एवढंसं झालं. "माझ्याकडे कधीच अशी वाजली नाही हो..." बायको आतून म्हणाली, "वाजवलीस कधी?"

सॉरी म्हणून निघाले. स्वस्तातल्या सगळ्या अशाच असणार. लंबूची कशी लोण्यासारखी वाजायची.

१० फेब्रुवारी, सोमवार

लंबूच्या स्टेटसला माझी गिटार आहे. दुसऱ्याच कुणाच्या मांडीवर.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सगळंच उलटं निघालं. नीट लिहिते.

परत काकांकडे. आज त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि स्वतः समोर उभे राहिले. डोळे बारीक करून बघत होते — नंबर वाढलाय त्यांचा, आमच्या चष्म्याच्या दुकानात या म्हणून मी सांगणार होते. मी लाल उचलली, सवयीने खुंट्या पिळल्या, तेवढ्यात काका ओरडलेच. "थांब! काय केलंस आत्ता?"

"ट्यून केली."

"ट्यून होतीच ती! सकाळी मीच केलीये."

त्यांनी गिटारीला सूर दाखवणारा ट्यूनर लावला. सगळ्या तारा एक अख्खा सूर खाली. "हे प्रत्येक गिटारीला करतेस? अगं, तारा एवढ्या सैल सोडल्यावर त्या खडखडणार नाहीत तर काय! आणि नावं माझ्या मालाला!"



लंबूचा आवाज खालचा. वर गेला की फाटायचा. म्हणून आम्ही गिटार एक सूर उतरवायचो. त्याने तिला जाड तारा टाकल्या होत्या, म्हणून ती तेवढी उतरवूनही खडखडायची नाही. आणि मी कधी ट्यूनर लावलाच नाही, कानाने करायचे. माझ्या कानात त्याचाच सूर बसलाय! त्या बिचाऱ्या बँकवाल्याची गिटार चांगली होती. काकांकडच्या तिन्ही चांगल्या होत्या.

काका जरा निवळले. "गाणाऱ्यासाठी उतरवतात असं. कोण गातं?"

"गातो. एक जण."

*गातो.* म्हणे.

"मग काय करू? आहे तशी नेतेस, आणि नीट सुरात वाजवतेस? की जाड तारा टाकून देऊ, त्याच्या सुरात?"

मी एक सेकंदही विचार केला नाही. जाड.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आली घरी! लाल! भिंतीवरच्या डागापुढेच ठेवलीये.

आमचं पहिलं गाणं वाजवलं. अजिबात खडखड नाही. डोळे मिटले की वाटतं, आता तो ओळ उचलेल. उचलत नाही. वाजवत राहायचं आणि त्याच्या ओळींच्या जागा रिकाम्या जात राहतात. शेवटी मीच म्हणून बघितलं — आवाज विहिरीत पडल्यासारखा.

शेजारच्या पलंगावरून ताई, "गातेस का घसा बसलाय?"

"मला नाही येत गाता."

"बाथरूममध्ये तर मस्त गातेस. खालच्या काकू विचारत होत्या, रेडिओ कुठला घेतला."

"तिथे मी वर गाते."

"मग इथे पण वर गा."

"गाणं खालचं आहे गं."

"का? खिळे मारून बसवलंय?"

उशी फेकली तिच्यावर. तिला नाही कळणार. हा सूर सोडला तर तो उभा कुठे राहील?

१९ फेब्रुवारी, बुधवार

मेसेज टाकला. "गिटार घेतली. तुझ्याच सुरात आहे. शनिवारी येशील ना?"

वाचला. उत्तर नाही. आज दुकानात एका आजोबांना बायकांची फ्रेम दिली, आणि ते ती घालून आरशात बघत बसले. मला कळलंसुद्धा नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उत्तर आलं.

"येतो. दोन गाणी करून लगेच निघेन, ती गाडीत थांबणार आहे. तू मागे बसून तुझं नेहमीचं वाजव."

ती.

मागे बसून. नेहमीचं.

किती वेळा वाचलं कोण जाणे. ताईने फोन उचलला, वाचला, उलटा करून ठेवला.

"उद्या मी पण येते."

"नको."

"विचारत नाहीये."

२२ फेब्रुवारी, शनिवार

आला. पहिलीच ओळ उचलली आणि आवाज फाटला. मागे वळून कुजबुजला, "अगं, हे वर आहे!"

हो. दुपारी मीच चढवल्या तारा, अख्खा एक सूर. जाड आहेत, बोटं सोलली.

मी थांबले नाही. दुसरी ओळ मी घेतली.