मिक्सरऐवजी मैल

नेवासा,
मार्गशीर्ष, शनिवार

चि. वरद यास शामकांतमामाचा आशीर्वाद.

तू बरा असशील असं धरून चालतो. बंगळुरात थंडी पडली असेल. लहानपणचा तो खोकला पुन्हा निघाला तर अडुळसा घे. माझी प्रकृती उत्तम. रक्तदाब होता, पण घरात बोलायला कोणी नसल्यामुळे तोही उतरला. पत्राचं आश्चर्य वाटून घेऊ नकोस. फोनवर तुला लिहिलं की दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही होत नाही. पोस्टमन निदान सही घेतो, म्हणून हे रजिस्टर.

महाशिवरात्रीला तू आला होतास. तुझी मामी माझ्या क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर मिळणाऱ्या वस्तू फोनमध्ये बघत होती आणि तिचं बोट एका मिक्सरवर होतं. (जुन्याचं झाकण हाताने दाबून धरावं लागायचं.) तू तिच्या हातातून फोन काढून घेतलास. मामी, हे पाप आहे, असं म्हणालास. मग मला समजावलंस की मिक्सर घेतला तर एका पॉइंटाचे चार आणेसुद्धा सुटत नाहीत. तेच पॉइंट विमान कंपनीकडे पाठवून त्यांचे मैल केले आणि त्या मैलांत वरच्या वर्गाचं आसन घेतलं, तर दोन रुपये सुटतात. अनन्याला दिवस गेल्याची बातमी तेव्हा नुकतीच डब्लिनहून आली होती. लेकीच्या बाळंतपणाला मामीला जायचं होतं. तिला गुडघे वाकवून फार वेळ बसवत नाही, आणि त्या वर्गात आसन आडवं होतं म्हणालास. मी मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलं. हिशेब इतका सुंदर असू शकतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता प्रश्न पॉइंट जमवण्याचा. माझ्या पेन्शनच्या खर्चात ते जमायला दुसरा जन्म लागला असता, आणि त्या जन्मी पेन्शन असेलच असं नाही. पण लग्नसराई तोंडावर होती. तू शहरात वाढलास, म्हणून सांगतो: आमच्याकडे लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं गाड्या करून नगरच्या कापड बाजारात जातात आणि नवरीच्या शालूपासून लांबच्या मावळणीच्या साडीपर्यंत सगळं कापड एका बैठकीत घेतात. हा बस्ता. माझे विद्यार्थी गावोगाव आहेत आणि त्यांची मुलं लग्नाला आली आहेत. मी एकेका बस्त्याला जाऊ लागलो. कार्ड मी घासायचं, रोख त्यांनी मला द्यायची. दुकानदार कार्डासाठी दोन टक्के जादा मागे, ते मी खिशातून भरत असे. (हा खर्च तुझ्या हिशेबात नव्हता.) माझा मान वाढला. एका पत्रिकेत आशीर्वादाखाली माझं नाव साखर कारखान्याच्या संचालकाच्या वर छापलं. प्रत्येक बस्त्याला टॉवेल-टोपीचा आहेर व्हायचा. आता घरात इतके टॉवेल आहेत की त्यांनी अंग पुसायला तेवढी माणसं नाहीत.

ज्येष्ठात थोडे पॉइंट कमी पडत होते. तेवढ्यात पुंजाराम दारात आला. तोही माझा विद्यार्थी. त्याची मुलगी रुपाली नगरला दवाखान्यात नर्स आहे. ‘गुरुजी, रुपालीचा बस्ता बांधायचा हाय. तुमी कार्ड घिऊन गाडीत बसा फकस्त,’ तो म्हणाला. ‘बाईंना विमानात झोपवायचं म्हन्त्यात. आमच्या शालूनं त्यान्ला उशी तरी व्हईल.’ तुझी मामी आतून हसली. (ते मला आठवतं, कारण त्यानंतर तसं काही झालं नाही.)

त्या शालूने आकडा पुरा झाला. भाद्रपदातलं एक आसन कंपनीच्या पानावर दिसत होतं. आधी आसन बघायचं, मग पॉइंट पाठवायचे, एकदा गेलेले परत येत नाहीत, हा तुझा नियम मी देवाच्या तसबिरीशेजारी लावला होता. पण बँक पॉइंट लगेच जमा करत नाही; बिल निघावं लागतं. आणि बिल निघण्याआधी नवऱ्याकडच्यांनी निरोप पाठवला की मुलीने नोकरी सोडावी. मुलीने लग्न सोडलं.

मी समजावायला गेलो. तसा मी वडीलधारा आहे. ओट्यावर बसून मी तिला बापाच्या शब्दाबद्दल सांगितलं, संसारात मोठेपणा कोणाला तरी घ्यावा लागतो हे सांगितलं, नोकऱ्या काय पुढेही मिळतात असं सांगितलं. पुंजाराम मान खाली घालून ऐकत होता. रुपालीने सगळं ऐकलं, माझ्या हातात चहाचा कप दिला आणि विचारलं, ‘गुरुजी, लग्न मोडलं तर तुमचे पॉइंट जात्यात का?’

मी खोटं बोलत नाही. जातात, म्हणालो.

‘मंग त्याचं वाईट वाटतंय मला. बाकीचं न्हाई.’

पुंजाराम हसला. ज्याच्या मुलीचं लग्न मोडतंय तो बाप हसतो, हा काळ आहे. दुकानात विकलेला माल परत घेणार नाही अशी पाटी आहे. तरी पुंजारामच्या भिडेखातर मालकाने सगळं कापड परत घेतलं, रक्कम कार्डावर उलटी आली, मी पुंजारामला त्याची रोख दिली आणि बँकेने त्या बस्त्याचे पॉइंट जमाच केले नाहीत. (दोन टक्के कोणीच परत दिले नाहीत.) पुढच्या आठवड्यात ते आसनही गेलं.

तेव्हा तुझा मेसेज आला: आज रात्रीपर्यंत पॉइंट पाठवणाऱ्याला पाव पट मैल जादा. हिशेब केला. जादा धरून आकडा बरोबर भरत होता. आसन दिसत नव्हतं, पण दिसेल असं वाटलं आणि मी सगळे पाठवले. नियम मी मोडला, पण मेसेज तुझा होता. दोन दिवसांनी कंपनीने दर बदलले. विमान तेच, डब्लिन जागेवर, फक्त मैल दीडपट लागू लागले. फोनवरच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, ‘सर, तुमचे माइल्स सुरक्षित आहेत.’ परत मात्र देता येत नाहीत.

तुझी मामी म्हणाली, साधं तिकीट काढू. मी तिला समजावलं की आता पैसे देऊन साधं तिकीट काढलं तर इतके महिने केलेल्या धडपडीची किंमत शून्य होते. शेवटच्या दिवसांत कंपन्या रिकामी आसनं सोडतात असं तूच लिहिलं होतंस. थांबू, म्हणालो. तिने ऐकून घेतलं. ती नेहमी ऐकून घेते, त्यामुळे मला वाटतं पटलं.

एका सकाळी उठलो तर ती डिंकाचे लाडू डब्यात भरत होती. तिकीट रुपालीने तिच्या फोनवरून काढून दिलं होतं, पैसे मामीने स्वतःची ठेव मोडून दिले होते. आसन शेवटच्या रांगेत, दोघांच्या मधलं, मागे न होणारं. रुपालीने मामीच्या गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या आणि विमानात दर थोड्या वेळाने उठून चालायला सांगितलं. पुंजारामने जीपमधून मुंबईच्या विमानतळावर सोडलं. मी गेलो नाही. जीपमध्ये जागा होती.

अनन्याला मुलगी झाली. फोनवर मी तिला पाहतो; कपाळ आमच्याकडचं आहे. मी मामीला काही विचारलं की फोन बाळाकडे वळतो.

हे सगळं तुला दोष देण्यासाठी लिहिलं आहे. तो पोचला की पत्राचं काम झालं. ताईला माझा नमस्कार सांग.

तुझा,
शामकांतमामा

ता. क. नाताळात तू कंपनीच्या कामाला डब्लिनला जाणार आहेस, असं ताईकडून कळलं. अनन्याकडे जाशीलच. मामी परत कधी येणार हे बोलता बोलता विचार. तिचं तिकीट एकाच बाजूचं होतं, हे मला रुपालीने परवा बाजारात सांगितलं. मी विचारलं असं म्हणू नकोस.

ता. क. मैलांची मुदत संपत आली होती. कंपनीच्या पानावर मैलांत वस्तूही मिळतात. सगळ्या मैलांत एक मिक्सर बसत होता, तो मागवला. काल आला. तिने बोट ठेवलं होतं तोच आहे. एका मैलाला काय सुटलं ते काढत बसू नकोस. त्याचं झाकण आधी बसवून फिरवायचं की फिरवून बसवायचं, एवढं तिला विचारून मला कळव. मला ते येतं. तरी विचार.