पुठ्ठ्याचा कीबोर्ड

सर, आज तुमच्या लॅबमध्ये गेलो होतो आणि अजून सावरलेलो नाही. तुमच्या वेळी तिथं एकच संगणक होता, तोही वीज असेल तेव्हाचा. म्हणून तुम्ही पुठ्ठ्यावर कीबोर्ड आखून आम्हाला सरावाला दिले होते. बोटं ढिली पडली की पाठीमागून आवाज यायचा, "पुठ्ठाय म्हणून झोपू नको रे!" त्या पुठ्ठ्यावर माझी पत्रकारिता उभी राहिली. आजही मी खाली न बघता बातमी टाइप करतो.

आता तिथं पालम गावची एक मुलगी क्लाउड कॉम्प्युटिंगवर पीएचडी करते. हजारो मशिनींना काम कसं वाटून द्यायचं, हा तिचा विषय. तिच्यावरची बातमी मला संध्याकाळपर्यंत द्यायची होती. मी म्हणालो, "मशिनी दाखव की." तिनं आपला लॅपटॉप उघडला. "ह्या काय. सगळ्या ह्यातच हायत, खोट्या." मी गारच पडलो. खऱ्या मशिनी मोजक्या देशांत, मोजक्या कंपन्यांकडं. आपल्यासारख्या ठिकाणचं बरंचसं संशोधन अशा, सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या नकली मशिनींवरच चालतं, हे ती हवापाणी सांगावं तसं सांगत होती. मध्यंतरी परदेशातल्या एका प्राध्यापकांनी तिला त्यांच्या खऱ्या मशिनींवर थोडा वेळ दिला, आणि तिची इतक्या वर्षांची पद्धत तिथं कोसळली. "इथं पळायलंय, तिथं बसायलंय. खरी मशीन मधीच तापती, रुसती. आमी कधी हातच लावला न्हाई, तर तिचा रुसवा कुठून कळावा?" पुढं काय, असं विचारलं तर म्हणाली, "पुढं ज्याच्या मशिनी, त्याचेच प्रश्न. आपली लाइट जाती, हा प्रश्न तिकडं कुणाला पडायलाय?" त्या मशिनींवर पुन्हा वेळ मिळाला तरच तिचा प्रबंध उभा राहील. त्या प्राध्यापकांना केलेल्या तिच्या मेलला अजून उत्तर नाही. मी निघताना मात्र ती हसून म्हणाली, "अन् सर, तेवढं 'गरुडझेप' लिहू नका."

शीर्षक मी तेच ठरवून गेलो होतो. ते खोडलं आणि या मुलीला खऱ्या मशिनी हव्यात, एवढंच सरळ लिहून दिलं.

सर, एक तुम्हाला कधीच बोललो नाही. पहिल्यांदा खऱ्या संगणकापुढं बसवून तुम्ही विचारलं होतं, "काय, सारखंच हाय ना?" मी "हो सर" म्हणालो. बटण दाबलं की खाली जातं, हे मला माहीतच नव्हतं. बोटाखाली ते खचलं तेव्हा मी केवढा दचकलो होतो! तुम्ही पाठमोरे होता, म्हणून दिसलं नाही.