व्यालेला रुपया

कळंबा,
मंगळवार

प्रिय तेजस्वी,

होणाऱ्या सासूचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. मानपानात काही राहिलं, शालूचा रंग पसंत पडला नाही, असलं यात काही नाही. फोनच केला असता, पण आमच्या घरात मी फोन कानाला लावला की कोण, काय, कशाला म्हणून विचारायला तीन माणसं उभी राहतात. म्हणून कागद. आमची बांगडीवाली नजीरा तुला चुडा भरायला येईल तेव्हा बांगड्यांच्या पेटीतून तो तुझ्या हातात देईल. अक्षर लावून घे. बत्तीस वर्षांत वाण्याच्या यादीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही.

सुपारी फुटली त्या दिवशी आमच्या देव्हाऱ्यातल्या रुपयाचा विषय निघाला. भावकीतले थोरले मामा, म्हणजे माझे चुलत सासरे, म्हणाले, 'पोरीला दवाखान्यातली रातपाळी सोडाय लागंल, आमच्यात रुपया हाय.' तू माझ्याकडे बघून हसलीस आणि मान हलवलीस. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी असतं, पुढचं पुढे बघू. ती हललेली मान मला त्या दिवसापासून स्वस्थ बसू देत नाही. कारण माझ्या लग्नात मीही अशीच हलवली होती.

तुला सांगितली ती अर्धीच गोष्ट. पुरी अशी आहे. सम्राटचे पणजोबा हातकणंगल्याच्या बाजूला एका जत्रेला गेले होते. तिथं एका खेळवाल्यानं त्यांच्या तळहातावर राजाच्या छापाचा एक चांदीचा रुपया ठेवला, मूठ मिटायला लावली, फुंकर घातली. उघडली तर दोन! पणजोबांनी दोन्ही रुपयांसकट मूठ जी पुन्हा आवळली ती गर्दी तुडवत घरीच येऊन उघडली. आत एकच होता. पण दोन झालेले त्यांनी डोळ्यांनी बघितले होते, त्यामुळे घरात ठरलं की रुपया व्याला आणि रेडकू परत आईच्या पोटात गेलं. त्याच साली विहिरीला पाणी लागलं. मग काय, लक्ष्मीच ती! हसू नकोस. मीही हे बत्तीस वर्षं हळदकुंकू लावून ऐकलंय.

रुपयाला थोरल्या सुनेशिवाय कुणी शिवायचं नाही. रोज दिवेलागणीला तिनंच हळदकुंकू वाहायचं. दसऱ्याच्या आधी दार लावून, उपाशीपोटी तिनंच पुसायचा, तेही कोरड्या फडक्यानं. आणि तिनं एकही रात्र घराबाहेर काढायची नाही, नाहीतर तिच्यामागोमाग रुपया जातो. बाहेरच्याला यात काही जाच दिसत नाही. मारहाण नाही, उपासमार नाही, अंगावर सोनं आहे. पण आमच्या गावचं नाव निघालं की लोकांना तलाव आठवतो नाहीतर कारागृह, आणि तेजस्वी, त्या कारागृहातल्या माणसालासुद्धा पॅरोल मिळतो.

माझी आई राधानगरीला होती. शेवटचं दुखणं अकरा दिवसांचं. मी रोज सकाळच्या एसटीनं जायची, तिला पेज भरवायची, पाय चेपायची आणि दुपार कलली की उठायची. ती पदर धरायची. म्हणायची, 'आजची रात ऱ्हा की गं.' मी म्हणायची, उद्या लवकर येते. बाराव्या दिवशी मी निघायच्या आत भावाचा फोन आला. त्या संध्याकाळी मला सुतक होतं. सुतकात रुपयाला हात लावायचा नसतो, म्हणून हळदकुंकू सासूबाईंनी वाहिलं. म्हणजे दुसऱ्या कुणी वाहिलं तरी चालत होतं. हे मला तेव्हा सुचलं नाही, सुचलं असतं तरी बोलले नसते.

आता गेल्या महिन्यातलं सांगते. सम्राटला लग्नपत्रिकेवर रुपयाचा फोटो छापायचा होता. पण वर हळदकुंकवाचा असा थर की राजाचं नाकसुद्धा दिसेना. कोरड्या फडक्यानं जाईना म्हणून मी दार लावलं आणि रिठ्याच्या कढत पाण्यात तो बुडवला. थोड्या वेळानं काढायला गेले तर हातात रुपया आणि पाण्यात रुपया! क्षणभर वाटलं, खरंच व्याला. मग नीट बघितलं. हातातला पोकळ होता, वरून राजा आणि खालून नुसती वाटी. पाण्यातला भरीव, पण किंचित लहान. एकावर एक बसवले की टोपण बसावं तसा एकच रुपया. मी लक्ष्मी मोडली, एवढंच डोक्यात. पदराच्या गाठीला बांधला आणि दळपाचं निमित्त काढून कोल्हापुरातली सराफांची पेठ, गुजरी, गाठली.

तिथल्या म्हाताऱ्या सराफानं तो काट्यावर ठेवला. वजन जवळजवळ बरोबर. कसाला घासला, चांदी अस्सल. मग फरशीवर टाकला. खरा रुपया खणकन वाजतो, हा पडला तो थप्प. म्हातारा म्हणाला, 'बाई, चांदी खरी हाय, राजा खरा हाय, पर रुपया खरा न्हाय. ह्यो खेळवाल्याकडं न्या.' खेळवाला मला एकच ठाऊक होता. नजीराचे वडील, बादशहाभाई. त्यांनी उभी हयात शाळाशाळांतून जादूचे प्रयोग केले. आता हात कापतो म्हणून घरीच असतात.

बादशहाभाईंनी रुपया हातात घेतला मात्र, त्यांचा हात कापायचा थांबला. म्हणाले, दोन खरे रुपये मारून हा एक केलाय, एक कोरून पोकळ केला, दुसरा कडेनं घासून आत बसवला. असली चीज कुठला जादूगार विकत नाही, तेव्हा कुणीतरी हा मुठीत दाबून पळवलेला आहे. मला पणजोबांची आवळलेली मूठ आठवली आणि एवढ्या भीतीतही हसू फुटलं. पण त्यांनी चष्मा लावला, वाटीच्या आत नख फिरवलं आणि ते माझ्यापुढे धरलं. नखात काळपट मेण आलं होतं. म्हणाले, 'जादूगार ह्याला मेण लावत न्हाय, वहिनी. त्याला तर ह्यो पटकन सुटाय पायजे. हे कुणीतरी मागनं चिकटवलंय. उघडतोय ते ठाऊक असल्याबिगर कोण चिकटवील?'

त्या रुपयाला माझ्याआधी दोघींचेच हात लागले होते. एक कधीच वारली. दुसरी माझी सासू, चिमणाबाई, आता चौऱ्याऐंशीच्या आहेत, खाटेवरून उठत नाहीत. मी दोन्ही रुपये त्यांच्या उशाशी ठेवले. त्यांनी बोटांनी चाचपले आणि म्हणाल्या, 'उघडला व्हय? माझ्या हातात बी उघडला हुता. तुझा नवरा, बाळासो, पोटात हुता तवा. सासूला दावला, तर ती म्हटली, मेण लाव आन् गप बस.' मला का सांगितलं नाही म्हणून मी विचारलं. त्यांनी चाचपत लहान रुपया वाटीत बसवला. मग म्हणाल्या, 'तुझी आय आजारी हुती तवा दोनदा उठलो हुतो सांगाय. परत बसलो. मी जलमभर घरात, आन् तू भायेर ऱ्हानार, ते मला बघवलं नसतं.' मला त्यांचा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचे केस विंचरताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही.

तुझ्या सासऱ्यांना सांगायला गेले. त्यांनी रुपयाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, 'झाकली मूठ सव्वा लाखाची असती. लगीन तोंडावर आलंय. चिकटव आन् ठेव जाग्यावर.' वाईट माणूस नाही तो. पण विहिरीचं पाणी, बंगला, सम्राटची नोकरी, सगळं त्या रुपयावर उभं आहे असं त्याला वाटतं, आणि पायाकडे वाकून बघायची त्याची हिंमत नाही. मीही गुमान देवघरात गेले. मेणबत्ती पेटवली. खरं सांगते तेजस्वी, मेणाचा थेंब वाटीत पडायला आला होता. आणि मनात काय आलं ठाऊक आहे? मी बत्तीस वर्षं काढली, तिलाही काढू दे. हे माझ्याच मनात आलं. मी मेणबत्ती विझवली आणि हे पत्र लिहायला बसले.

सत्यनारायणाच्या दिवशी सगळ्या भावकीसमोर तो रुपया मी तुझ्या ओंजळीत ठेवायचा आहे. त्यानंतर तो तुझा आणि तू त्याची. पाकिटात चिंधीत बांधलेला आतला रुपया आहे, तो जपून ठेव. त्या दिवशी मी तुझ्या हातात नुसतं वरचं पोकळ टरफल ठेवणार आहे. तू काही बोलू नकोस, नवी नवरी आहेस. फक्त सगळ्यांसमोर तो पालथा कर आणि चिंधीतला त्याच्या शेजारी ठेव. पुढचं मी बोलेन. चिमणाबाई एकट्या होत्या म्हणून गप्प बसल्या, मीही एकटीच होते. हे एकटीचं काम नाही, त्याला दोघी लागतात, एवढंच मागायला हे पत्र. मामा ओरडतील, तुझे सासरे उठून बाहेर जातील, जाऊ देत. आणि त्या आठवड्यात तुझी रातपाळी असली तर सुट्टी टाकू नकोस. डबा मी भरून देईन आणि फाटकापर्यंत सोडायला येईन.

तुझीच,
आक्काताई