झांज वर्गात जाते

लालबाग, मुंबई
जानेवारी १९५८

तीर्थस्वरूप तात्यांना लालबागच्या खानावळीतून सीतारामाचा नमस्कार. (कागदाला हळदीचे बोट लागले आहे, ते शुभ समजावे.) आपला गुडघा काय म्हणतो? अक्काचा खोकला थांबला का? येथे सर्व खुशाल. आपला चिरंजीव राजाराम दोन्ही वेळा माझ्याकडेच जेवतो, पण मधे महिनाभर त्याला माझे सुके बांगडेसुद्धा गोड लागेनात.

कारण असे, की माटुंग्याच्या कॉलेजात तो अर्थशास्त्र शिकवतो आणि वर्ग काही तोंड उघडत नव्हता. प्रिन्सिपॉलांनी बजावले होते, वर्ग बोलता करा, नाहीतर जूनपासून दुसरी नोकरी बघा. आता तीच मुले संध्याकाळी माझ्या बाकड्यावर संयुक्त महाराष्ट्रावरून अशी भांडतात की आमटीला आलेली उकळी मला ऐकू येत नाही (आणि माझे कान आपण जाणताच, गिरणीच्या खडखडाटात मुकादमाची पावले ओळखून मी टिकलो). म्हणून एकदा डबा पोचवायच्या निमित्ताने वर्गाबाहेर उभा राहिलो. राजाराम सवाल विचारी आणि मुलांनी श्वास घ्यायच्या आत उत्तरही स्वतःच देई. पोरे बिचारी ते उतरवून घेत. ही सवय कुणाकडून आली, ते तेव्हा मी बोललो नाही.

रविवारी त्याला आमच्या चाळीत डबलबारी ऐकायला नेले. दोन बुवा समोरासमोर, एकाने भजनातून सवाल टाकायचा आणि समोरच्याचा जवाब येईपर्यंत झांजेला हात लावायचा नाही. राजाराम डोळे मिटून बसला होता, मला वाटले झोपला. सोमवारी बघतो तर खुंटीवरची माझी झांज गायब.

ती वर्गात गेली होती. राजारामाने बाके समोरासमोर मांडली, सवाल टाकला की मुंबई कुणी वाढवली, भांडवलाने की घामाने, आणि तो खरोखर गप्प बसला. (हे वाक्य अक्काला दोनदा वाचून दाखवावे.) बराच वेळ सगळे आपापल्या चपला न्याहाळत होते. मग नायगावचा दगडू भांडवलाच्या बाजूने काहीतरी पुटपुटला, त्याला खोडायला अंबिका नावाची मुलगी उठली, आणि मग पटलेल्या मुद्द्यागणिक झांज वाजू लागली. प्रिन्सिपॉलांना वाटले, मोर्चा कॉलेजात शिरला. धावत आले, तर दारातच अंबिकाने विचारले, "सर, मालकाने एक दिवस तरी गिरणीत साचा चालवून दाखवलाय का?"

बारीच्या नियमाने जवाब देणे आले. प्रिन्सिपॉल दगडूच्या शेजारी बसले ते घंटा झाली तरी उठेनात. हरले, पण खुशीत हरले. राजारामाची नोकरी कायम झाली.

एवढेच कळवायचे होते. अक्काच्या पाया पडतो.

आपला
सीताराम

ता. क. : एवढेच कळवायचे नव्हते. अख्खा वर्ग बोलता करणाऱ्या आपल्या चिरंजीवांना आपल्याशीच एक वाक्य बोलायचे आहे. दिवाळीला सुरुवात केली होती, आपण "काय म्हणतोस?" विचारलेत आणि लगेच सांगितलेत, की सरपंचांची मुलगी तुला पसंत आहे. वाक्य असे, की त्याला पसंत आहे ती शीवची मीनाक्षी, कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. शिमग्याला तो घरी येईल. समोर बसवा, "काय म्हणतोस?" विचारा, आणि कृपा करून झांजेला हात लावू नका.

पुन्हा ता. क. : मीनाक्षीच्या वडिलांनी विचारले, मुलाच्या वडिलांचे काय म्हणणे आहे? आपला होकार मीच देऊन टाकला. (आपल्या घरची ती सवय मलाही लागलेली दिसते.)