वस्तीवरचे सहा सेल

९ नोव्हेंबर १९९७
दादा येणार नाही. वरकुट्याच्या वस्तीवरून आत्ताच परतले. जळोचीला माझ्याकडे राहा, घरात वीज आहे, डॉक्टर जवळ आहेत, एवढंच सांगायला गेले होते. त्याच्या दम्यासाठी डॉक्टरांनी वाफेचं मशीन दिलंय, दिवसातून दोनदा. वस्तीवर विजेचा खांब नाही.
"सुमे, तुज्या खोलीत माजा जीव आंबल. हितंच बरा हाय मी."
वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होती. निघताना हळूच म्हणाली, "तुमीच काय तरी करा, वन्सं."
म्हणजे वीजच त्याच्याकडे न्यायला हवी.

१३ नोव्हें.
बारामतीत सय्यदभाईंच्या बॅटरीच्या दुकानात. सोलरच्या पाट्या पत्र्यावर सहज बसतील. प्रश्न बॅटरीचा. ट्रकची एक होती, विचारलं, ही चालेल? हसले. "मॅडम, ही पैलवान. एकदा जोर लावून गाडी उठवणार नि बसून राहणार. तुम्हाला रोज थोडं थोडं देणारी पाहिजे. दुभत्या म्हशीसारखी."
मग दोन व्होल्टचे उंच सेल दाखवले. असे सहा एकाला एक जोडायचे. एक ढकलून पाहिला. जागचा हलला नाही.
रोज थोडं थोडं. मी मात्र किती वर्षं भाऊबीजेला एकदाच जोर लावून येते, नि मग...

२२ नोव्हें. वस्तीवर.
टेम्पो ओढ्यापर्यंतच आला. सेल दुकानातूनच अ‍ॅसिड भरून, चार्ज करून आणलेले, आडवे करायचे नाहीत. मग खेपेला दोन असे बाजेवर उभे बांधले आणि चौघांनी खांदा दिला. लांबून बघणाऱ्याला काय वाटलं असेल, माझ्या मनात आलं ते लिहीत नाही. दादाने मोठ्यांदा विचारलंच, "वाजंत्री न्हाय आणली व्हय रं?" सगळे हसले. वहिनी नाही.
जागेवरून घोळ. वहिनीला देवापाशी हवे होते. सय्यदभाई म्हणाले, चार्ज होताना वायू निघतो, तिथे दिवा नको, चूल नको, विडी नको. दम्याच्या माणसाच्या उशाशी तर नकोच. फार लांबही नको, वायरीतच जोर संपतो. शेवटी भिंतीपलीकडचा, कोकरं कोंडायचा कूड ठरला. मेंढरं विकल्यापासून रिकामा. दादा स्वतः झाडायला उठला. धुळीने खोकला लागला तरी खराटा कोणाला दिला नाही. कोपऱ्यातलं एक तुटकं दावं उचलून खिशात घातलं.
दुपारी मशीन सुरू. दादा तोंडाला मास्क धरून बसला. छातीचा आवाज हळूहळू उतरला. मग मास्क काढून, "आत गार वारं शिरलं बग."
मी बाहेर जाऊन डोळे पुसून आले.

७ डिसें.
काल वस्तीवर मुक्काम. सय्यदभाईंनी मोजायला शिकवलंय. काचेची नळी सेलमध्ये बुडवायची, पाणी ओढायचं, आतली तरंगती काडी आकडा दाखवते. बॅटरी भरलेली असली की १२४०, वापरली की आकडा उतरतो. सकाळी ऊन यायच्या आत पाहिलं. सहाही १२४०. कसली खूश झाले!
सेलांवर दादाने घोंगडी पांघरली होती. "गारठत्यात." काढायला लावली, वायू कोंडेल म्हणून. कोकरांना घालायचा तशीच घातली होती, कडा आत खोचून.

११ डिसें.
सय्यदभाईंना आकडे सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. "उन्हाच्या आधी पण १२४०? दोनदा मशीन, वर दोन दिवे. दहा-पंधरा तरी उतरायला हवेत, मॅडम." मग खाली बघून, "वापरत नाहीत ते."

१४ डिसें. वस्तीवर.
वहिनीला गाठलं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग सगळं एकदम. "तुमी असला की घेत्यात वाफ. मागारी गेला की न्हाय. मनत्यात, आज बरं हाय, ऱ्हाऊ दी. उंद्या लई लागलं मंजी? भिंतीला टेकून दम काढत बसत्यात. दिवं बी लावू देत न्हाईत."
पण मागच्या खेपेला मी तिथे होते. तेव्हाही संध्याकाळची वाफ "घिऊन झाली" म्हणाला होता. मी पाहिलं नव्हतं.
दादापुढे बसले. का घेत नाहीस, विचारलं. "दुष्काळात कडबा कसा पुरवला म्या? समद्यास्नी निम्म्या पोटानं. एक मेंढरू मेलं न्हाय."
"दादा, हा कडबा नाही. आजचं वापरलं नाहीस तर उद्याचं ऊन आत मावतच नाही. वाया जातं."
"व्हय व्हय."
हट्ट धरला की लहानपणी मला असंच म्हणायचा.
परतताना बसमध्ये आठवलं. बसवल्या दिवशी निघताना मीच त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाले होते, जपून वापर. चांगलं वाटावं म्हणून म्हणाले होते.

२१ डिसें. वस्तीवर.
तीन दिवस सारखं आभाळ. जीव राहीना, पहिल्या बसने आले. वहिनी माहेरी गेलीय, परवापासून. दादा ज्वारीत. मशीन कपाटात, मास्क पुसून ठेवलेला, कोरडा. सकाळीच पुसला की परवा, कोण सांगणार.
कुडात गेले. सेलांची झाकणं काढली, नळी बुडवली. १२१०. सहाही.
उतरलाय. आकडा उतरला म्हणून कोणी देवाला हात जोडले असतील का? मी जोडले. मग पत्र्यावरच्या पाट्यांकडे लक्ष गेलं. तीन दिवस ऊनच नव्हतं. नुसते दिवे लावले असतील तरी एवढा उतरेल. दादाने वाफ घेतली म्हणून की आभाळ होतं म्हणून, काडी ते दाखवत नाही.
त्याला विचारलं तर व्हयच म्हणणार.
आत्ता कूड उजळला. ढग फाटतायत. तासाभरात आकडा चढायला लागेल, मग तेवढंही कळणार नाही. बांधापर्यंत जाते, त्याच्या छातीचा आवाज ऐकायला. ज्वारी डोक्याच्या वर आलीय, तो दिसत नाही.